आमच्यात पुरतात

आई पहाटे गेली आणि नीट उजाडायच्या आत गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष बांबू घेऊन दारात हजर झाले.

हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. गल्लीत कुणी गेलं की तिरडीचं सामान, मडकं, गाडी, स्मशानात फोन, सगळं ते आपणहून बघतात. एरवी कुणाशी भांडण असलं तरी त्या दिवशी ते मधे येत नाही. त्यांच्या मागोमाग दोन-तीन माणसं आली, बायका आल्या. समोरच्या घरातून चहाची किटली आली. आई आतल्या खोलीत कॉटवर होती. तिला मी नुकती पांढरी साडी नेसवली होती.

अध्यक्षांनी बांबू भिंतीला टेकवले आणि दारातूनच विचारलं, "वैनी, पंचगंगेवर नऊला न्यायचं का धाला? आनि रक्षाविसर्जन परवा धरूया न्हवं? बोर्डावर लिवाय लागतंय."

आमच्याकडं माणूस गेल्यावर पहिला प्रश्न हाच असतो. भेटायला लोक तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला येतात, म्हणून ती वेळ सगळ्यांना आधी कळायला लागते. बाकी काय ते नंतर.

आमच्यात रक्षा नसते. आम्ही ख्रिस्ती. आमच्यात पुरतात. आणि हे त्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्या आडनावाची कितीतरी घरं कोल्हापुरात आहेत आणि ती सगळी हिंदू आहेत. माझं माहेर कोडोली. माझे पणजोबा तिथं ख्रिस्ती झाले, तेव्हापासून आम्ही ख्रिस्ती. आडनाव तेच, शेत तेच, बोली तीच. सासर हातकणंगल्याकडचं, तेही असंच. मंगळसूत्र आमच्यातही असतं. माझ्या मंगळसूत्रात वाट्यांच्या मधे एक बारीक क्रूस आहे, पण तो ब्लाउजच्या आत राहायचा. कुंकू लावत नाही, पण हल्ली अर्ध्या बायका लावत नाहीत. घराच्या पुढच्या खोलीत माझं टेलरिंगचं दुकान आहे, ब्लाउज आणि ड्रेस शिवते. रविवारी सकाळी आवरून निघाले की लोकांना वाटायचं, पाहुण्यांकडं चाललीय. खंडेनवमीला कुणी ना कुणी गिऱ्हाईक मशीनसाठी झेंडूचा हार आणून द्यायचं आणि मी तो घालायची.

हे सगळं भ्यायल्यामुळं. आधी आम्ही दुसऱ्या पेठेत भाड्यानं राहत होतो. तिथं चर्चमधली चार माणसं एकदा आमच्याकडं प्रार्थनेला आली, गाणी झाली, आणि महिन्याभरात मालकानं खोली रिकामी करायला सांगितली. कारण काही दिलं नाही. नुसतं म्हणाला, "मला कटकट नको." तेव्हापासून माझ्या नवऱ्यानं ठरवून टाकलं की देव घरात ठेवायचा. तो फाउंड्रीत कामाला आहे. शांत माणूस. वाईट काही बोलत नाही आणि चांगलंही फारसं बोलत नाही. मलाही ते सोयीचं होतं. दुकान बायकांवर चालतं, आणि बायका एकमेकींच्या सांगण्यावरून येतात.

आईला मात्र हे कधी पटलं नाही. अर्धांगवायू झाल्यावर मी तिला कोडोलीहून इथं आणलं. तिचा एक हात गेला होता, आवाज जसाच्या तसा होता. दिवे लागायच्या वेळी ती मोठ्यानं प्रार्थना करायची. गल्लीतल्या आजारी माणसांची नावं घेऊन करायची, कारण दिवसभर माझ्या गिऱ्हाइकांचं बोलणं तिच्या कानावर पडायचं. कुणाचा गुडघा, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, सगळं ती देवापुढं मांडायची. आणि मी पुढच्या खोलीत मशीनची मोटर चालू करायची, म्हणजे तिचा आवाज रस्त्यावर जाऊ नये. एकदा ती आतून म्हणाली, "मशीन बंद कर. मला देवाशी बोलायचंय, मशीनशी न्हाई."

मी बंद केलं नाही.

तर त्या सकाळी अध्यक्षांचा प्रश्न दारात उभा होता. नवऱ्यानं मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मी सांगतो त्यांना, गावाकडं नेतोय म्हणून. गाडी बोलवतो. पाळकसाहेबांना फोन झालाय, ते थेट दफनभूमीत येतील. कुणाला काही कळायचं नाही."

त्याची चूक काढावी असं त्यात काही नव्हतं. तो जे म्हणत होता तेच आम्ही इतकी वर्षं करत आलो होतो. पण आतल्या खोलीत ती पांढऱ्या साडीत पडलेली होती, आणि तिला लेकीच्या घरातून असं चोरून न्यायचं, हे माझ्या डोक्यात बसेना. तिनं जन्मभर एकही गोष्ट लपवली नव्हती. तिचं शेवटचं जाणं मी लपवणार होते.

मी म्हणाले, "न्हाई. गावाकडं न्हाई. मी सांगते."

"अगं, आत्ता नको. या वेळेला कशाला?"

"मग कवा?"

मी पदर खोचला आणि बाहेर आले. दारात बरीच माणसं जमली होती. मी कुणा एकाकडं न बघता म्हणाले, "पंचगंगेवर न्यायचं न्हाई. रक्षाविसर्जन पण न्हाई. आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्यात पुरतात. दुपारी तीनला ख्रिस्ती दफनभूमीत विधी हाय. ज्यांना यायचंय त्यांनी यावं."

एवढंच. इतकी वर्षं घशात अडकलेलं, आणि सांगायला तेवढाच वेळ लागला.

किटलीवाल्या बाईनं कप भरता भरता हात थांबवला. अध्यक्ष बांबूंकडं बघत म्हणाले, "आदी सांगायचं न्हाई व्हय, वैनी. बांबू आनलं की मी."

मला हसू येईल असं वाटलं आणि त्याच वेळी रडूही. ते पुढं म्हणाले, "मग काय लागतंय तुमच्यात?"

"पेटी. ती चर्चमधून येत्या."

"उचलायला मानसं?"

"ती लागतील."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी बांबू परत खांद्यावर घेतले.

पण सगळे अध्यक्षांसारखे नव्हते. शेजारची एक बाई पायरीवरून खाली उतरली. तिच्या मुलीच्या लग्नाचे ब्लाउज माझ्याकडं शिवायला होते. मला ती थोरल्या बहिणीसारखी होती, रोज दुपारी दुकानात येऊन बसायची. तिनं विचारलं, "कवा झालासा?"

"झालो न्हाई. जन्मापासून हाय. माझ्या पणजोबापासून."

"आनि आमच्या हळदी-कुंकवाला येत हुतासा."

"तुम्ही बोलवत होतासा, म्हणून येत होते. आता पण बोलवलंसा तर येईन."

ती वळली आणि घरी गेली. तिच्या मागोमाग आणखी काहीजणी गेल्या. चहाची किटली मात्र तिथंच राहिली.

दुपारी पेटी उचलायला अध्यक्ष आले. त्यांच्याबरोबर गल्लीतली चार-पाच माणसंही होती. दफनभूमीच्या फाटकाशी ते घुटमळले. अध्यक्षांनी मला विचारलं, "चप्पल काढायची का हितं?" मी नको म्हणाले. तरी त्यांनी काढून फाटकाबाहेर ठेवली आणि बाकीच्यांनीही काढली. आमची चर्चची माणसं एका बाजूला, गल्लीतली दुसऱ्या बाजूला, मधे खड्डा. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि घरच्या कुणाला आईबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत का, असं विचारलं. आमच्यात ही पद्धत आहे. कोडोलीहून आलेला माझा भाऊ अशा वेळी नेहमी बोलतो, तो पुढं झाला होता. मी त्याला थांबवलं.

चर्चच्या लोकांना सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं, त्यांना ती माहीत होती. मी गल्लीतल्या माणसांकडं तोंड करून बोलले. म्हणाले, "माझी आई रोज संध्याकाळी तुमच्यासाठी प्रार्थना करत होती. तुमची नावं घेऊन. तुम्हाला ते ऐकू गेलं न्हाई, कारण मी मशीन चालू करत होते. मला भीती वाटत होती. तिला न्हवती. ती येशूवर विश्वास ठेवून जगली आणि त्याच विश्वासात गेली. ती परत उठणार, असं आम्ही मानतो. मी पण मानते. आजपासून मी ते मशीनच्या आवाजाखाली दाबणार न्हाई."

मग सगळ्यांनी माती टाकली. अध्यक्षांनी तर दोन्ही हातांनी टाकली.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाला आईचा फ्लेक्स लागला. मंडळाकडून लागतो तसाच. आदल्या संध्याकाळी अध्यक्षांनी फोन करून विचारलं होतं, "वैकुंठवासी लिवू का? तुमच्यात काय लिवतात?" मी त्यांना सांगितलं, "प्रभूमध्ये झोपी गेल्या, असं लिहा. आणि वर क्रूस घाला." ते म्हणाले, "क्रूस म्हंजे ते अधिकचं चिन्ह न्हवं?" मी हो म्हणाले.

त्याच्या पुढच्या सकाळी फ्लेक्स जागेवर नव्हता. मंडळाच्या शेडच्या मागं घडी करून कोंबलेला सापडला. त्याच्यावर कुणाच्या तरी चपलेचा ठसा होता, बरोबर क्रूसावर. अध्यक्ष म्हणाले, "वाऱ्यानं पडला आसंल." वारा नव्हता, आणि वारा घडी घालत नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं, पण त्यांना गल्लीत राहायचं होतं.

मी तो घरी आणला, अंगणात पसरला आणि ओल्या फडक्यानं पुसला. दुकानातलं स्टूल घेतलं, नायलॉनची दोरी घेतली आणि गल्लीच्या तोंडाशी गेले. शाळेच्या रिक्षा सुटायची वेळ होती, रस्ता भरलेला. मी स्टुलावर चढून बांधायला लागले. लोक बघत जात होते. एकानं गाडी थांबवली, बघितलं आणि गेला. स्टूल हलत होतं. मग ते हलायचं थांबलं. खाली बघितलं तर नवरा ड्युटीच्या कपड्यात स्टूल धरून उभा होता. त्याची कंपनीची बस चुकलेली होती.

"डावीकडं जरा वर घे," एवढंच तो म्हणाला.

फ्लेक्स परत कुणी काढला नाही. मुदत संपल्यावर मंडळानंच उतरवला.

दुकान उघडलं तेव्हा पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकं आली, पण कापडं परत न्यायला. कुणी म्हणालं, सासूनं दुसरीकडं टाकायला सांगितलंय. कुणी म्हणालं, तुमच्या घरात दुःख आहे, कशाला त्रास. लग्नाच्या ब्लाउजची कापडं न्यायला शेजारीण स्वतः आली नाही, तिनं जाऊबाईला पाठवलं. मी प्रत्येकीचं कापड घडी करून पिशवीत घालून दिलं. कुणाला थांबवलं नाही.

मग एके दुपारी दुकानात एक माणूस शिरला. माझ्या एका गिऱ्हाइकाचा नवरा, मी त्याला तोंडओळखीनं जाणत होते. बरोबर दोन तरुण होते. त्यातल्या एकानं मोबाईल वर धरला होता, शूटिंग करत होता. आत त्या वेळी एकच गिऱ्हाईक होतं, आमच्या भागात कापडाचं मोठं दुकान असलेल्या लिंगायत घरातल्या एक आजी. माहेर त्यांचं निपाणीकडचं, तिकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. सगळे त्यांना अक्का म्हणतात.

त्या माणसानं विचारलं, "हितं काय चालतंय?"

"ब्लाउज शिवतात," मी म्हणाले.

"ते सोडा. प्रार्थना चालत्या म्हणं. बायकास्नी बोलवून धर्मात ओढता म्हणं."

मी मशीनवरून उठले. म्हणाले, "प्रार्थना करते. रोज सकाळी, कात्री हातात घ्यायच्या आधी. बायकांना बोलवत न्हाई. तुमच्या मंडळी इतकी वर्षं माझ्याकडं येतात, त्यांच्या गळ्याचं माप मला तोंडपाठ हाय. घरी जाऊन विचारा, मी कधी येशूचं नाव तरी काढलं का."

"मग आत्ता का काढायलाय?"

"कारण माझा देव हाय तो. तुम्ही तुमच्या देवाचं नाव घ्यायला कुणाला विचारता का?"

तो म्हणाला, "किती मिळालं बाटायला?"

हा प्रश्न मी लहानपणी शाळेत ऐकला होता. तेव्हा रडत घरी गेले होते. या वेळी मोबाईलच्या त्या काचेकडं सरळ बघितलं. "माझ्या पणजोबाला विचारायला पायजे. तो कोडोलीच्या मातीत हाय. माझी आई हितल्या मातीत हाय. मी बी त्याच मातीत जाणार. आम्ही कुठून आलो न्हाई आणि कुठं जाणार न्हाई. मी कुणाला ओढणार न्हाई, पण कुणी विचारलं तर सांगणार. तुम्ही विचारलंसा, म्हणून तुम्हाला सांगितलं. शूटिंग झालं असेल तर पूर्ण लावा. मधलं कापू नका."

इतका वेळ अक्का माझ्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. आता त्या म्हणाल्या, "पुरन्यात काय येवढं? आमी बी पुरतोय की." मग मोबाईलवाल्या पोराला म्हणाल्या, "हिकडं फिरीव. मला बी घे त्यात. कुनाच्या घरातली हाय ते बी सांगतो. तुज्या बाला वळकतो मी, उधारीवर कापडं न्हेत्यात आमच्याकडनं."

पोरानं मोबाईल खाली घेतला. तो माणूस "बघू," असं म्हणून निघून गेला. तो व्हिडिओ कुठं लागला की नाही, मला कळलं नाही. मी शोधला नाही.

ते गेल्यावर मला सुईत दोरा ओवता येईना. अक्का ओवून देऊ म्हणाल्या, पण त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. मग त्यांनी मला खडसावलं. "पन तू लपीवलंस का गं? माज्या गळ्यात लिंग हाय, कुनापासनं लपीवलंय मी? आनि तू जलमभर पदर वडून बसलीस."

मी ब्लाउजच्या आतलं मंगळसूत्र बाहेर काढलं आणि क्रूस पुढं आणला. त्यांनी तो बोटांत धरून डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "बारीक हाय," त्या म्हणाल्या. "जरा मोटा करून घे."

अजून मोठा करून घेतलेला नाही. पण तेव्हापासून तो बाहेरच असतो.

गेलेली सगळी गिऱ्हाइकं परत आली असं नाही. काहीजणी आल्या, कारण दुसरीकडं बाही नीट बसली नाही. त्यातल्या दोघी-तिघींनी विचारलंही, की तुमच्यात नेमकं काय असतं, उपास असतात का, मूर्ती का नसते. मी शिवता शिवता सांगते. जेवढं विचारतात तेवढं. काहीजणी आल्याच नाहीत, आणि त्यांच्या जागी अक्कांच्या नात्यातल्या बायका यायला लागल्या. धंदा आधीपेक्षा थोडा कमीच आहे. खंडेनवमीला एका पोरीनं सवयीनं हार आणला. मी तिला म्हणाले, "मशीनसाठी मी देवाचे आभार मानते, पण तिची पूजा करत न्हाई. हार तुझ्या गाडीला घाल." तिनं घातला आणि तिला काही वाटलं नाही. इतकं सोपं होतं ते.

नवऱ्यानं फाउंड्रीत कुणाला काय सांगितलं, हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. पण नाताळच्या आधी तो कामावरून येताना कागदाची मोठी चांदणी घेऊन आला आणि दुकानाच्या बोर्डावर टांगून आत बल्ब लावला. रस्त्यावरून दिसेल अशी.

नाताळचा फराळ आम्ही दरवर्षी करत होतो, दार लावून. या वेळी मी करंज्या आणि शंकरपाळ्यांची ताटं भरली, वर रुमाल टाकला आणि सकाळी गल्लीत निघाले. प्रत्येक दारात म्हणाले, "नाताळचा फराळ आहे. आज येशूचा जन्मदिवस." अध्यक्षांनी दारातच करंजी तोंडात टाकली आणि ओलं खोबरं घातलंय का, असं विचारलं. एका घरात ताट घेतलं, पण बाईनं ते दाराआड ठेवलं, आतून कुणाला दिसू नये म्हणून. मला तिची दया आली नाही आणि रागही आला नाही. तिची भीती मला चांगली माहीत होती.

शेवटून तिसरं दार शेजारणीचं होतं. तिनं दार उघडलं, ताटाकडं बघितलं, माझ्या गळ्याकडं बघितलं. मुलीचं लग्न होऊन गेलं होतं, मला पत्रिका आली नव्हती.

"आमास्नी नको," ती म्हणाली. "घरात चालत न्हाई."

"बरं," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी परत आणते."

"तवाबी नको म्हणलं तर?"

"तर त्याच्या पुढच्या वर्षी."

तिनं दार लावून घेतलं. जोरात नाही, पण लावलं. मी रुमाल सारखा केला आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.